कळमन्याच्या अडतीची जुनी वेबसाइट: वेगळी मोबाइल साइट, ॲप, की आहे तीच रिस्पॉन्सिव्ह?

अडतखाते

नमस्कार मंडळी. नागपूरच्या कळमना मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानाची वेबसाइट नीट करायची आहे. पानं सहाच: मुखपृष्ठ, आजचे दर, आमच्याबद्दल, फोटो, शेतकऱ्यांसाठी सूचना, संपर्क. रुंदी ठोक १००० पिक्सेल, मांडणी सगळी टेबलात टेबल घालून केलेली, अर्धा मजकूर शिवाजी फॉन्टमध्ये. संगणकावर चालून जातं. मोबाइलवर मात्र पान मुंगीएवढं दिसतं, दोन बोटांनी मोठं करून इकडेतिकडे सरकवत वाचावं लागतं. आणि दर पाहणारे बहुतेक सगळे मोबाइलवरच पाहतात.

तिघांना विचारलं तर तीन उत्तरं मिळाली. एक म्हणतो मोबाइलसाठी वेगळी साइट करा, दुसरा म्हणतो ॲप काढा, तिसरा म्हणतो रिस्पॉन्सिव्ह थीम, म्हणजे पडद्याच्या रुंदीप्रमाणे मांडणी बदलणारा तयार साचा, विकत घ्या. रिस्पॉन्सिव्हचा नेमका फायदा काय, आणि कोणत्या साधनाने करावं? एचटीएमएल-सीएसएस बऱ्यापैकी येतं, जावास्क्रिप्ट जेमतेम.

मुख्य घोडं दराच्या तक्त्यावर अडलंय. सात रकाने आहेत: शेतमाल, प्रत, परिमाण, आवक, किमान दर, कमाल दर, सर्वसाधारण दर. हे मोबाइलवर बसवायचं कसं?

रेघोटी

वेगळी मोबाइल साइट नकोच. दर दोन ठिकाणी भरावे लागतील, आणि संत्र्याच्या अंबिया बहाराची आवक जोरात असताना एका ठिकाणी भरलेला दर दुसरीकडे राहणार म्हणजे राहणारच. चुकीचा दर हा न दिसणाऱ्या दरापेक्षा वाईट. दुसरं, पत्ते दोन होतात. कोणी मोबाइलवरून लिंक व्हॉट्सॲपवर टाकली आणि ती संगणकावर उघडली, की भल्यामोठ्या पडद्यावर मोबाइलचं पान ताणून दिसतं. ते टाळायला कोणतं यंत्र आहे हे ओळखून वळवणारा कोड लिहावा लागतो आणि तो कायम सांभाळावा लागतो.

तिसरं कारण गूगलचं. पानाची मोबाइल आवृत्ती वाचून अनुक्रमणिका करायचं धोरण त्यांनी २०१६ मध्ये जाहीर केलं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये ते बदल पूर्ण झाल्याचं सांगितलं. म्हणजे मोबाइलच्या साइटवर जे गाळलं, ते गूगलच्या लेखी नाहीच. एकच पत्ता, एकच एचटीएमएल ठेवलं तर हा प्रश्नच उरत नाही.

ॲपचं म्हणाल तर दिवसातून एकदा दर बघायला कोणी ॲप उतरवून ठेवत नाही. लिंक दाबली, दर दिसला, संपलं.

आता थीमबद्दल. रिस्पॉन्सिव्ह वेब डिझाइन हा शब्द ईथन मार्कॉट यांनी मे २०१० मध्ये एका लेखात मांडला, त्यात तीन गोष्टी होत्या: टक्क्यांवर चालणारी जाळी, चौकटीत मावणारी चित्रं आणि मीडिया क्वेरी, म्हणजे ठरावीक रुंदीलाच लागू होणारे सीएसएसचे नियम. यातली एकही विकत घ्यायची वस्तू नाही. कोरं एचटीएमएल, सीएसएस अजिबात न लावता, कुठल्याही पडद्यावर आपोआप मावतं. ते बिघडतं आपण ‘१००० पिक्सेल’ लिहितो तिथे. तेव्हा तुमच्या कामात नवं घालण्यापेक्षा जुनं काढण्याचाच भाग मोठा आहे. मी असा क्रम धरीन:

आधी व्ह्यूपोर्टचा, म्हणजे पान किती रुंद धरायचं ते फोनला सांगणारा मेटा टॅग. त्यात विड्थ इज इक्वल टू डिव्हाइस-विड्थ आणि इनिशियल-स्केल १, बस्स. हा नसला की फोन पान ९८० पिक्सेल रुंद आहे असं धरून चालतो आणि सगळं आक्रसून दाखवतो. ३६० रुंदीच्या फोनवर १४ पिक्सेलचं अक्षर पाचाएवढं दिसतं, तुमची मुंगी ती हीच. मात्र त्याच ओळीत मॅक्सिमम-स्केल १ किंवा युजर-स्केलेबल नो असं काही चिकटवू नका. जुन्या नमुन्यांत ते सर्रास सापडतं. त्याने चष्म्याच्या नंबरवाल्या माणसाची मोठं करून वाचायची सोय जाते.

मग मांडणीची टेबलं मोडा. हेडर, नॅव्ह, मेन, असाइड, फूटर असे टॅग सरळ एकाखाली एक, वाचायच्या क्रमाने. दराचं टेबल हे खरं टेबल आहे, ते टेबलच राहू द्या. सगळ्यात बाहेरच्या चौकटीला विड्थऐवजी मॅक्स-विड्थ ६२ रेम (एक रेम म्हणजे मूळ अक्षराचा आकार, सहसा १६ पिक्सेल), दोन्ही बाजूंना १६ पिक्सेल पॅडिंग, आणि सगळ्या घटकांना बॉक्स-सायझिंग बॉर्डर-बॉक्स. हे शेवटचं विसरलात की १०० टक्के रुंदीत पॅडिंग वरून मिळतं आणि पान आडवं सरकायला लागतं.

एवढं झाल्यावर मीडिया क्वेरी एकही न लिहिता साइट मोबाइलवर वाचता येईल. मग खिडकी हळूहळू रुंद करत न्या आणि कुठे ओंगळ दिसायला लागतं ते पाहा. तिथे तुमचा ब्रेकपॉइंट, म्हणजे मांडणी बदलायची रुंदी. फोनच्या मॉडेलांची यादी समोर ठेवून ब्रेकपॉइंट ठरवायचे नसतात. समजा बाजूची पट्टी २४० पिक्सेल हवी, मुख्य मजकूर किमान ४८० हवा, मधली फट २४ आणि कडेचं पॅडिंग ३२. बेरीज ७७६. म्हणजे सर्रास वापरला जाणारा ७६८ चा ब्रेकपॉइंट तुमच्या कामाचा नाही, ५० ईएम म्हणजे ८०० घ्या. क्वेरी मिन-विड्थची लिहा, म्हणजे मूळ नियम मोबाइलचे आणि रुंद पडद्यासाठी वरून भर. उलट केलं तर आधी दोन रकाने मांडायचे आणि मग ते मोडायचे असा दुप्पट कारभार होतो.

चित्रांसाठी मॅक्स-विड्थ १०० टक्के, हाइट ऑटो. पण एचटीएमएलमध्ये विड्थ-हाइट हे गुणधर्म आकड्यांत लिहाच. ब्राउझर त्यावरून आधीच जागा राखतो, नाहीतर फोटो उतरला की खालचा तक्ता धपकन खाली सरकतो आणि माणूस भलत्याच ओळीवर बोट ठेवतो. फोटोंच्या पानावर फोनने काढलेले ४००० बाय ३००० चे फोटो तसेच चढवले असतील तर सीएसएसने ते फक्त लहान दिसतात, उतरतात मात्र पूर्ण वजनाने. ४८०, ८०० आणि १२०० अशा तीन रुंदीत वेबपी, म्हणजे हलक्या प्रकारच्या चित्रफाइली करा. साधन म्हणाल तर थोडे असतील तर स्क्वूश, ढीगभर असतील तर इमेजमॅजिक. मग चित्राच्या टॅगमधल्या एसआरसीसेट या गुणधर्मात तिन्ही लिहून साइझेसमध्ये फोटो पडद्यावर किती रुंद दिसणार ते सांगा. साइझेस गाळलं तर ब्राउझर १०० व्हीडब्ल्यू, म्हणजे पडद्याची पूर्ण रुंदी धरतो आणि संगणकावरच्या छोट्या चौकटीसाठीही मोठी फाइल ओढतो. खालच्या फोटोंना लोडिंग लेझी लावा, म्हणजे ते जवळ सरकल्यावरच उतरतात. वर पहिल्यांदा दिसणाऱ्या फोटोला लावू नका, तोच उशिरा येतो.

घडीचा_डबा

अहो एवढं कशाला करून राहिले भाऊ? बूटस्ट्रॅप ५ ही तयार सीएसएसची चौकट लावा, तिचे कंटेनर, रो, कॉल हे वर्ग, झालं. बारा रकान्यांची जाळी तयार, मेनू तयार, आता तर जेक्वेरी ही जावास्क्रिप्टची जोडफाइलही लागत नाही. ५७६, ७६८, ९९२, १२००, १४०० असे ब्रेकपॉइंट बांधलेलेच आहेत. सहा पानांचं काम दोन दिवसांत होईल.

रेघोटी

होईल, नाही म्हणत नाही. बूटस्ट्रॅप वाईट नाही. चार जण मिळून काम करत असतील, किंवा फॉर्म, पॉपअप, टॅब असलेला प्रशासकीय भाग असेल तर मीही तेच घेईन. पण इथे सहा पानं आणि एक तक्ता आहे. त्यासाठी जीझिपने दाबूनही तीसेक केबीची शैलीफाइल न्यायची आणि तिच्यातले पाच टक्के वर्ग वापरायचे, शिवाय वर मी दाखवलेला ८०० चा हिशेब त्याच्या ब्रेकपॉइंटांत बसत नाही तो वेगळाच. फोटोंच्या पानाला तर सीएसएस ग्रिडची एक ओळ पुरते: ग्रिड-टेम्प्लेट-कॉलम्समध्ये रिपीट, त्यात ऑटो-फिल, मिनमॅक्स, किमान २२० पिक्सेल आणि कमाल १ एफआर, म्हणजे उरलेल्या जागेचा एक वाटा. ३६० च्या फोनवर एक रकाना, टॅबलेटवर तीन, संगणकावर चार, आणि मीडिया क्वेरी शून्य. ग्रिड २०१७ पासून सगळ्या मोठ्या ब्राउझरांत आहे.

टेलविंड ही दुसरी सीएसएसची चौकटही चांगली, पण तिला बिल्डची, म्हणजे आज्ञा देऊन फाइली तयार करायची पायरी लागते. दर भरणाऱ्या माणसाला टर्मिनल उघडायला लावू नका.

वर्डप्रेस एकाच अटीवर: दुकानातलाच माणूस स्वतः पानं बदलणार असेल तर. मग साधी ब्लॉक थीम घ्या. एसआरसीसेट वर्डप्रेस २०१५ च्या ४.४ आवृत्तीपासून स्वतःच लावतं. ओढा-आणि-सोडा छापाचे पेज बिल्डर टाळा. एका मथळ्याभोवती सहा-सात डिव्ह गुंडाळतात आणि मग कुठल्या डिव्हने रुंदी धरून ठेवलीय ते शोधण्यात दुपार जाते.

आकडेमोड

तक्त्याबद्दल. ३६० पैकी ३२ पॅडिंगमध्ये गेले, उरले ३२८. भागिले सात, म्हणजे रकान्याला जेमतेम ४७ पिक्सेल. ‘सर्वसाधारण’ हा एक शब्दच १६ पिक्सेलच्या अक्षरात त्याच्या दीडपटीहून जास्त जागा घेतो. म्हणजे सीएसएसने हे सुटणार नाही, आधी तक्त्यालाच कात्री लावा.

परिमाण सगळ्या मालाला क्विंटलच असेल तर तो रकाना उडवा आणि तक्त्याच्या कॅप्शनमध्ये लिहा: सर्व दर रुपये प्रति क्विंटल. प्रत शेतमालाच्या नावाखाली बारीक अक्षरात घ्या. ‘मिरची, लाल’ आणि खाली प्रत. किमान आणि कमाल एका रकान्यात, मध्ये आडवी रेघ. झाले चार रकाने: शेतमाल, आवक, किमान–कमाल, सर्वसाधारण. हे चार ३२८ मध्ये बसतात, मथळे दोन ओळींत गेले तरी चालतं. ही छाटणी संगणकावरही ठेवा. सात रकान्यांचा आग्रह कागदी फलकावरून आलेला आहे.

कुठे कुठे सुचवलेलं दिसेल की मोबाइलवर प्रत्येक ओळीचं वेगळं कार्ड करा. दराच्या तक्त्याला हे मुळीच करू नका. दर पाहणारा माणूस उभा वाचतो: तूर किती, हरभरा किती, सोयाबीन किती. कार्ड केली की हे आकडे एकाखाली एक राहत नाहीत, तुलना मोडते. शिवाय टेबलच्या ओळींना डिस्प्ले ब्लॉक दिलं की पडदा वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला ते टेबल आहे हे कळेनासं होऊ शकतं. कार्ड पत्त्यांच्या यादीला ठीक, एका कार्डाचा दुसऱ्याशी संबंध नसतो तिथे.

मागच्या आठवड्याचे दर असा मोठा तक्ता ठेवायचाच असेल तर त्याच्याभोवती एक डिव्ह घालून ओव्हरफ्लो-एक्स ऑटो द्या, म्हणजे पान जागेवर राहतं आणि फक्त तक्ता आडवा सरकतो. पहिला रकाना पोझिशन स्टिकी, लेफ्ट शून्य. इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. चिकटलेल्या रकान्याला पार्श्वरंग दिला नाही तर मागून सरकणारे आकडे त्याच्या आरपार दिसतात. आणि बॉर्डर-कोलॅप्स कोलॅप्स ठेवलं तर रकाना चिकटतो पण त्याच्या रेघा सरकून जातात. सेपरेट करून बॉर्डर-स्पेसिंग शून्य करा. त्या डिव्हला टॅबइंडेक्स शून्यही द्या, नाहीतर माऊस न वापरणाऱ्याला तो सरकवता येत नाही. उजव्या कडेला एखादा आकडा मुद्दाम अर्धा कापलेला दिसू द्या, पुढे आणखी आहे हे त्यावरूनच कळतं.

आकडे उजवीकडे जुळवा. जावास्क्रिप्टने आकडे छापत असाल तर टूलोकेलस्ट्रिंगला मराठीचा भारतीय कोड दिला की १,२५,००० असे लाखाच्या पद्धतीने स्वल्पविराम आणि देवनागरी अंक दोन्ही आपोआप मिळतात. मात्र फाइलमध्ये साठवताना साधेच अंक साठवा, नाहीतर बेरीज-सरासरी काढताना गोंधळ होतो.

शिरोरेघ

वर कोणी फॉन्टचं बोललंच नाही. शिवाजीतला मजकूर हा मोबाइलवरचा सगळ्यात मोठा अडथळा आहे. फॉन्ट फोनमध्ये नसला की तिथे इंग्रजी अक्षरांचा चिवडा दिसतो, कारण आत खरोखर तीच अक्षरं असतात. गूगललाही तोच चिवडा दिसतो. ‘कळमना संत्री भाव’ असं शोधणाऱ्याला तुमचं पान सापडणार कसं? आधी सगळं युनिकोडमध्ये रूपांतरित करा, मांडणी नंतर. रूपांतराच्या साधनांतून काढलेला मजकूर डोळ्यांनी तपासा: पहिली वेलांटी, रफार, ‘दुसऱ्या’ आणि ‘शेतकऱ्यांना’ यांतला ऱ्य, मग ज्ञ, श्र. चुका इथेच जमतात. तुमच्या साइटवर ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द मेनूतच आहे, तेव्हा तिथूनच सुरू करा.

मूळ एचटीएमएल टॅगला लँग एमआर लिहा. पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर मराठी उच्चार धरतं, आणि काही फॉन्टांत मराठी वळणाचे ल आणि श यावरूनच मिळतात.

इंग्रजीसाठी बनवलेल्या थीम आणि फ्रेमवर्क देवनागरीला तीन ठिकाणी मारतात. पहिलं लेटर-स्पेसिंग: मेनूला आणि मथळ्यांना सर्रास लावलेलं असतं आणि त्याने शिरोरेघ तुटते, शब्द दात पडल्यासारखा दिसतो. शून्य करा. दुसरं लाइन-हाइट: मथळ्याला १.१ किंवा १.२ असते, त्यात वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या रफाराला भिडतात. मजकुराला १.६ ते १.७, मथळ्याला निदान १.३५. तिसरं, ठरावीक उंचीच्या डब्यात ओव्हरफ्लो हिडन. ‘र्की’चं डोकं आणि ‘कू’चे पाय दोन्ही छाटले जातात. बटणाला विड्थ किंवा हाइट देऊच नका, पॅडिंग द्या. इंग्रजी ‘कॉल’ साठी १२० पिक्सेल पुरत असतील, ‘दुकानाशी संपर्क करा’ ला नाही पुरणार.

वेबफॉन्ट लागतोच का? जोडाक्षरांमुळे देवनागरी फॉन्टच्या फाइली इंग्रजीपेक्षा बऱ्याच जड असतात. अँड्रॉइडवर नोटो सॅन्स देवनागरी, विंडोजवर निर्मला यूआय, ॲपलवर कोहिनूर देवनागरी असे बरे फॉन्ट आधीच असतात. दराच्या साइटला ही तीन नावं आणि शेवटी सॅन्स-सेरिफ, एवढं पुरे. एक बाइटही उतरवावा लागत नाही. हौस असेल तर मुक्ता किंवा हिंद घ्या, पण ४०० आणि ७०० असे दोनच जाडीचे, वूफ२ मध्ये, आणि फॉन्ट-डिस्प्ले स्वॉप लावून, म्हणजे फॉन्ट येईपर्यंत पान कोरं राहत नाही. तिरपं अक्षर मात्र नको. बहुतेक देवनागरी फॉन्टांना खरं तिरपं रूप नसतं, ब्राउझर उगाच वाकवून दाखवतो.

मथळ्याचा आकार पडद्याप्रमाणे बदलायचा असेल तर क्लॅम्प वापरा: किमान १.५ रेम, मध्ये १.२ रेम अधिक १.५ व्हीडब्ल्यू, कमाल २.२५ रेम. ३२० वर २४ पिक्सेल, ११२० वर ३६, त्यापुढे वाढत नाही. मधल्या भागात नुसतं व्हीडब्ल्यू लिहिलं तर संगणकावर झूम करूनही अक्षर मोठं होत नाही. रेम मिसळायचं ते त्यासाठी.

अडतखाते

सगळ्यांचे आभार. टेबलं मोडली, युनिकोड चालू आहे, तक्ता चार रकान्यांवर आणला. मेनूला तीन रेघांचं बटण करावं का? आणि संपर्काचं पान अजूनही आडवं सरकून राहिलंय. कन्सोलमध्ये डॉक्युमेंट एलिमेंटची स्क्रोल-विड्थ ६१६ येते, खिडकी ३६० वर असताना. बाकी पाच पानांवर बरोबर ३६०. बॉडीला ओव्हरफ्लो-एक्स हिडन लावून टाकू का?

आकडेमोड

६१६ वजा डावं पॅडिंग १६, उरले ६००. संपर्काच्या पानावर गूगलचा नकाशा आहे ना? त्याचा जडवायचा कोड ६०० बाय ४५० चा मिळतो. आयफ्रेमला विड्थ १०० टक्के द्या, आणि उंचीसाठी ॲस्पेक्ट-रेशो ४ भागिले ३, हाइट ऑटो.

हिडन लावू नका. दुखणं तसंच राहतं, फक्त दिसत नाही: नकाशाची उजवी बाजू कापली जाईल आणि मोठं करायचं बटण तिकडेच असेल. पुढे कधी बाहेरच्या डिव्हला तेच लावलंत तर आतलं पोझिशन स्टिकी बंद पडतं आणि कारण सापडत नाही.

आकड्यावरून ओळखू आलं नाही तर सगळ्या घटकांना तात्पुरती लाल आउटलाइन लावा, बॉर्डर नव्हे, बॉर्डरने मापं बदलतात. जो डबा पडद्याबाहेर डोकावतो तो गुन्हेगार. नेहमीचे संशयित: न तुटणारा लांब ईमेल पत्ता, त्याला ओव्हरफ्लो-रॅप एनिव्हेअर, फ्लेक्सच्या चौकटीतला घटक आक्रसत नाही, त्याला मिन-विड्थ शून्य, ग्रिडमधला १ एफआर आतल्या रुंद वस्तूमुळे फुगतो, तिथे मिनमॅक्स शून्य आणि १ एफआर, आणि १०० व्हीडब्ल्यू, ज्यात विंडोजवर उभ्या स्क्रोलपट्टीची रुंदीही धरली जाते, म्हणून फक्त संगणकावर पंधराएक पिक्सेल जास्त होतात. घडीचा_डबा भाऊ, तुमच्या बूटस्ट्रॅपमध्ये कंटेनरशिवाय रो लावली की दोन्हीकडून १२ पिक्सेल बाहेर जाते, तीही याच खात्यात.

रेघोटी

मेनूला बटण नको. सहाच दुवे आहेत, फ्लेक्स-रॅप लावा, दोन ओळींत बसतील. लपवलेला मेनू उघडण्यासाठी एक जास्तीचा टॅप आणि जावास्क्रिप्ट, दोन्ही वाचतं. फक्त प्रत्येक दुव्याला वरखाली पुरेसं पॅडिंग द्या, ४४ ते ४८ पिक्सेल उंची होईल इतकं. डब्ल्यूसीएजी २.२ या सर्वांना साइट वापरता यावी म्हणून केलेल्या नियमावलीत किमान २४ बाय २४ सांगितलंय, पण मिरचीची पोती हाताळणाऱ्या अंगठ्याला २४ कमीच. ‘आजचे दर’ पहिला ठेवा, मुखपृष्ठ नव्हे. फोन नंबरला टेल दुवा द्या, म्हणजे दाबला की थेट डायल.

चौकशीच्या फॉर्ममधल्या खान्यांचं अक्षर १६ पिक्सेलपेक्षा लहान ठेवू नका, आयफोनवर त्या खान्यात बोट ठेवताच पान आपोआप मोठं होतं आणि तसंच राहतं. मोबाइल नंबरच्या खान्याला टाइप टेल, म्हणजे अंकांचा कीबोर्ड येतो. पडदाभर चित्र ठेवायचं असेल तर उंचीला १०० व्हीएच ऐवजी १०० एसव्हीएच; व्हीएच ब्राउझरची पत्त्याची पट्टी लपलेली असताना जेवढी उंची तेवढी धरतो, म्हणून चित्राखालचं बटण पडद्याबाहेर जातं.

टेकडीरस्ता

तपासणीबद्दल दोन शब्द. क्रोममध्ये एफ१२ आणि मग कंट्रोल-शिफ्ट-एम, फायरफॉक्समध्ये थेट कंट्रोल-शिफ्ट-एम. ३२०, ३६०, ४१२ आणि मग सावकाश ओढत १२८० पर्यंत. ३२० च्या खाली जायची गरज नाही. १२८० च्या खिडकीत ४०० टक्के झूम केलं तरी ३२०च होतात, म्हणजे एकाच तपासणीत कमी दिसणाऱ्यांचंही काम होतं. चार मापं एकावेळी शेजारीशेजारी पाहायची असतील तर रिस्पॉन्सिव्हली ॲप फुकट आहे.

पण हे सगळं संगणकाच्या प्रोसेसरवर चालतं, आणि कीबोर्ड वर आल्यावर काय होतं ते यात दिसत नाही. खरा फोन हवाच, आणि दुकानातल्या सगळ्यात जुन्यापैकी हवा. पायथनने फोल्डरमध्ये ८००० पोर्टवर एचटीटीपी सर्व्हर लावा, फोन त्याच वायफायवर घ्या आणि लॅपटॉपचा आयपी पत्ता टाका. पान उघडलं नाही तर बहुतेक वेळा विंडोजच्या फायरवॉलने अडवलेलं असतं. आत काय बिघडलं ते पाहायला फोनच्या अबाउटमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करा, डेव्हलपर ऑप्शन्समधून यूएसबी डीबगिंग चालू करा आणि संगणकाच्या क्रोममध्ये इन्स्पेक्टचं पान उघडा.

जुन्या लेखांत गूगलची मोबाइल-फ्रेंडली चाचणी सांगितलेली असते, ती शोधत बसू नका, डिसेंबर २०२३ मध्ये बंद झाली. क्रोममधलंच लाइटहाउस हे तपासणीचं साधन वापरा, मोबाइलवर ठेवून. सगळ्यात मोठा घटक २.५ सेकंदांच्या आत दिसावा, मांडणीची हालचाल ०.१ च्या आत राहावी. १०० गुणांच्या मागे लागू नका, तिथले शेवटचे पाच-सात गुण शेतकऱ्याला दिसत नाहीत.

एक तपासणी कुठल्याच साधनात नाही: फोन घेऊन दुपारी यार्डात उघड्यावर उभं राहा. मे महिन्यातल्या नागपूरच्या उन्हात पांढऱ्यावरचा फिका करडा रंग गायब होतो. ९९९ या रंगसंकेताचा करडा पांढऱ्यावर २.८५ ला १ एवढाच उठतो. डब्ल्यूसीएजीच्या नियमाला ४.५ लागतात, ते ७६७६७६ ने भागतं, पण उन्हासाठी ५९५९५९ किंवा त्याहून गडद घ्या, तिथे ७ ला १ मिळतात. प्रत बारीक अक्षरात घेतलीय ना, ती फिकी करायचा मोह होईल. आकार लहान चालेल, रंग गडदच ठेवा.

अडतखाते

नकाशाच निघाला. आता सगळी पानं ३६० वर ३६०, आणि ३२० वरही सरकत नाहीत. एकच राहिलं: ३२० वर मिरचीची प्रत दोन ओळींत जाते, मग त्या रांगेतले आकडे मध्येच कुठेतरी तरंगतात. प्रत काढून टाकू का?

आकडेमोड

प्रत काढू नका, तिच्यावरच भाव ठरतो. जाऊ द्या दोन ओळींत. रकान्यांना व्हर्टिकल-अलाइन बेसलाइन द्या, म्हणजे आवक आणि दर मालाच्या नावाच्याच ओळीत येतील, प्रत खाली कितीही लांबो.